साक्षीदाराचा रकाना

शाळेतून निवृत्त झालो आणि गावच्या मतदार दक्षता समितीत शिरलो. आचारसंहिता लागली की साड्या, दारू, धमक्या यांवर नजर ठेवायची आणि तालुक्याला लेखी कळवायचं. लोक म्हणायचे, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. मला राग यायचा.

गेल्या निवडणुकीत एका उमेदवाराने टोलीवर, गावाबाहेरच्या मजुरांच्या वस्तीत, साड्या वाटल्या. साडी घेतली की धानाच्या पायलीवर हात ठेवून मताची शपथ. अन्नाची शपथ कोण मोडणार? सगळ्या गप्प. एकच बाई भरदुपारी माझ्याकडे आली, माझी जुनी विद्यार्थिनी. नवरा नाही, धानाच्या रोवणीच्या मजुरीवर मुलीला शिकवत होती. साडी टेबलावर ठेवून म्हणाली, नाव मात्र कुठं येऊ देऊ नका. मी हो म्हणालो.

तक्रारीच्या अर्जात शेवटी साक्षीदाराचा रकाना होता. रकाना कोरा सोडायचा नाही, हे जन्मभर पोरांना शिकवलेलं. हात सवयीने चालला, तिचं नाव लिहून गेला. अर्ज पुन्हा वाचला, तोही शुद्धलेखनासाठी. मूर्ख माणूस!

खुलाशासाठी अर्जाची प्रत त्या उमेदवाराकडे गेली. चौकशीत बाकीच्या बायांनी कानावर हात ठेवले. ही एकटी खरं बोलली. तक्रार पुराव्याअभावी निकाली निघाली आणि तो निवडून आला.

पुढं उन्हाळी धानाची रोवणी लागली. मजूर बायांच्या टोळीची मुकादमीण सकाळी दारोदार हाक मारत जाते. हिच्या दाराशी ती थांबेना. मी मुकादमिणीला जाब विचारायला गेलो.

"तिले घेतलं त आमाले कोनी शेतमालक धानाच्या बांधीत उतरू देत नाही, गुरुजी," ती म्हणाली. "बाकीच्या बायांच्या पोटाचं काय करू?"

मी परत फिरलो.

महिनाभराने ती बाई एक कागद घेऊन घरी आली. विटाभट्टीवर निघाली होती, मुलीलाही नेणार होती. शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज मी भरून द्यावा, एवढंच तिचं म्हणणं. मी चुकलो म्हणालो. तिने कागद माझ्यापुढे सरकवला. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

अर्ज भरत आलो. शाळा सोडण्याचं कारण, या रकान्यापाशी थांबलो. काय लिहू, विचारलं.

"काईबी लिवा," ती म्हणाली. "खरं नोका लिवू."

मी 'स्थलांतर' लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं.