वालाच्या फुलांच्या मुंडावळ्या

रोह्याला नवरी सजवायला जायचं असलं की मी वडखळ सुटल्यावर बसमध्येच मंगळसूत्र घालायची, टिकली लावायची. परतताना वडखळ यायच्या आत दोन्ही काढायची. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. आमच्या पेणमध्ये ते सगळ्यांना ठाऊक, मग तिथे मला नवरीला हात कोण लावू देणार? रोह्यात मला कुणी ओळखत नव्हतं. तिथेही कळलं असतं तर धंदा बसलाच म्हणायचा. तरी मुंडावळ्या मी कधी बांधल्या नाहीत. काहीतरी सबब काढून घरातल्या सवाष्णीच्या हातात द्यायची. लोकांना फसवीन, पण पोरीच्या नशिबाशी खेळ नको.

केबल टीव्ही नुकता आला होता तेव्हाची गोष्ट. ही नवरी मुंबईत चित्रकला शिकलेली, बाप धाटावच्या कंपनीत. तिने परदेशी मासिकातले फोटो माझ्यापुढे टाकले. "ताई, मला असं बोहेमियन लग्न करायचंय." शालू नको, सोनं नको, अंबाडा नको. साधी सुती साडी, मोकळे केस आणि रानफुलं. मला वाटलं, पोरगी मांडवातून पळणार! नाहीतर एवढी सुटसुटीत साडी कशाला? त्यात ती आरशातून सारखी माझ्या गळ्याकडे बघायची. विचारलं तर "काही नाही."

लग्नाच्या दिवशी तिने शेतातल्या वालाच्या फुलांच्या मुंडावळ्या स्वतःच ओवून ठेवल्या होत्या. दाराला कडी घातली न् म्हणाली, "ताई, आज या खोलीत सोनं नको. तुमचंही काढा."

"अगं, सवाष्णीला असं सांगतात होय?" मी खेकसलेच.

"मी तुम्हाला पेणच्या स्टँडवर बघितलंय. दोनदा."

म्हणजे हिला सगळं ठाऊक! चारचौघांत माझी शोभा करायलाच बोलावलं असणार. आता लपवून काय उपयोग? मंगळसूत्र काढलं आणि पर्समध्ये टाकलं. तेवढ्यात दार वाजलं. तिने कडी काढली, तर दारात तिची आत्या.

"मुंडावळ्या आण गो इकडं, मी बांधते."

"नाय आत्या, ह्या ताईच बांधणार."

आत्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "न् हिचा गळा असा मोकळा कसा?"

"बोहेमियन हाय आत्या. आज सगळं असंच."

"जळली मेली ती फॅशन!" म्हणत आत्या निघून गेली.

मी मुंडावळ्या हातात घेतल्या. गाठ दोनदा सुटली. "तुला काही झालं तर गो?" मी विचारलं. मला रडू येत होतं.

"घट्ट बांधा ताई, मला नाचायचंय."

ती नाचलीसुद्धा. पळाली वगैरे काही नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस, रोह्याचं कुणी भेटलं की मी आडून आडून विचारायची, तिचा नवरा बरा आहे ना? "बरा हाय की," असं ऐकलं की मगच मला घास गोड लागायचा.