रिजेक्टकाकांचं हिमाचल

आमच्या शेजारचे काका द्राक्षं घ्यायला गेले की विक्रेत्याला अख्खी पेटी उलटी करायला लावायचे. वरचे घड ते बघायचेच नाहीत. "वरचं दाखवायला असतं. तळाशी काय दडवलंयस ते काढ," म्हणायचे. नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. खराब पार्टवर लाल ठिपका द्यायचा, हे त्यांचं काम. घरी आले तरी हातातला ब्रश काही सुटायचा नाही. दूधवाला, गॅसवाला, रेडिओवरचा हवामानाचा अंदाज, सगळ्यांना लाल ठिपका. माझी आई "सहज आले" म्हणून गेली तरी हे विचारायचे, "सहज म्हणजे कशाला?" कॉलनीने त्यांचं नाव रिजेक्टकाका ठेवलं ते उगाच नाही. 'पास' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकला नव्हता. फारच खूश झाले तर म्हणायचे, "बघू."

काकू येवल्याकडच्या. बोलायला तिखट, पण खोटं बोलणं त्यांना जन्मात जमलं नाही. त्यांना साखरेचा आजार होता आणि गोडावर जीव. "चहात साखर घातलीस?" असं काकांनी विचारलं की "नाय हो!" म्हणायच्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायच्या. काका कपाकडे बघायचेच नाहीत, बोटाकडे बघायचे. चोरी तिथेच पकडली जायची.

केबल नुकतीच आली होती तेव्हा टीव्हीवर काकूंनी बर्फाचे डोंगर पाहिले आणि त्यांच्या मनाने घेतलं. "आमच्याकडचा डोंगर म्हंजी नुसता उघडाबोडका गं. हा पांढराफेक कसा दिसत आसंल? येकदा डोळ्यांनी बघायचाय." त्यांनी लगेच दोन स्वेटर विणायला घेतले. काका म्हणाले, "बघू."

आणि मग सुरू झालं नियोजन! रविवारी सकाळी पलंगावर हिमाचलचा नकाशा पसरायचा आणि प्रत्येक ऋतूची तपासणी व्हायची. उन्हाळ्यात जावं तर मनालीला गर्दी, गर्दीत हॉटेलवाला मोरीशेजारची खोली गळ्यात मारणार. पावसाळ्यात दरडी. दिवाळीत जावं तर इकडे बंद घर बघून चोर येणार, आणि चोराला खबर कोण देणार, तर पेपरवाला. थंडीत रस्ते बंद, अडकलो तर एजंट फोन उचलेल का? चारही ऋतू रिजेक्ट. पुन्हा उन्हाळा आला की पुन्हा नकाशा.

एकदा ते मला शालिमारजवळच्या एका ट्रॅव्हल एजंटकडे घेऊन गेले. "साक्षीला कुणीतरी असावं," म्हणाले. एजंटने अल्बम उघडला. काकांनी एका फोटोवर बोट ठेवलं. "हा बर्फ कुठल्या महिन्यातला?"

"काका, तिकडे बाराही महिने असाच असतो."

"मग ही बाई अर्ध्या बाह्यांच्या ब्लाउजात कशी? हिला थंडी वाजत नाही?"

एजंटने अल्बम मिटला आणि आम्ही घरी आलो. काका विजयी मुद्रेने, मी मान खाली घालून. काकूंनी विणलेले स्वेटर ट्रंकेत गेले, वर डांबरगोळ्या. मला तर काकांचा असा संताप यायचा! या माणसाला जायचंच नाही, नकाशा हे निव्वळ नाटक आहे, अशी माझी पक्की खात्री होती. पुढे पुढे काकूंनाही तसंच वाटायला लागलं. "तुमचं बघू म्हंजी नाय," एवढंच म्हणायच्या.

अशी कितीतरी वर्षं गेली. मी नोकरीला लागले. आणि एका आषाढात, बाहेर धो धो पाऊस पडत असताना, काका आमच्या दारात. "परवा मनालीला निघतोय. घराकडे लक्ष ठेवा." आणि चक्क किल्ली आईच्या हातात दिली!

"आत्ता? दरडींचं काय?"

"कोसळू देत."

हॉटेल कुठलं, तर ठाऊक नाही. ड्रायव्हर कोण, तर असेल कुणीतरी. आम्ही हबकलोच. आई म्हणाली, "कुठेतरी पाणी मुरतंय." मी नाशिकरोड स्टेशनवर पोचवायला गेले, ते खरं तर छडा लावायलाच. काकू बाकावर स्वेटरची पिशवी उराशी धरून बसल्या होत्या. काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "साखरेने तिच्या डोळ्यांचे पडदे गेलेत. दिवाळीपर्यंत दिसेल की नाही, सांगता येत नाही म्हणतात. नाशकातले सगळे डॉक्टर पालथे घातले गं. वाटलं, एखादा तरी खोटं बोलत असेल."

परत आल्यावर कळलं, सगळे दिवस धुकंच होतं. एका सकाळी मात्र जरा उघडलं होतं. "बघितलं तिने," एवढंच काका म्हणाले. दिवाळीनंतर काकूंची नजर खरोखरच गेली.

मग संध्याकाळी दोघं ओट्यावर बसायचे. काका द्राक्षं एकेक तपासून, मोजकीच काकूंच्या हातावर ठेवायचे आणि काकू डोंगराबद्दल बोलायच्या. आधी टोक कसं गुलाबी झालं, मग ऊन कसं खाली उतरत आलं, खालचं जंगल कसं काळंभोर होतं. काका कान देऊन ऐकायचे. एकदा मी चेष्टेने विचारलं, "काका, काकू सांगतात तसाच होता का हो डोंगर? की यातही काही खोट आहे?"

"मला काय माहीत? मी पाहिलाच नाही."

काकूंचा हात थबकला. "आँ? शेजारीच तर हुबे होता की!"

"तुझ्याकडे बघत होतो. म्हटलं, माझ्या समाधानासाठी ही दिसलं म्हणून सांगायची. एकदा धुक्याने डोंगर झाकला की मग कशावरून तपासणार?"

"मग?" मी विचारलं.

"पदर वाऱ्यावर उडत होता. हात दोन्ही मोकळे होते." काकांनी एक द्राक्ष निवडून काकूंच्या हातावर ठेवलं. "पास."

काकूंनी चाचपत काकांचा हात धरला आणि म्हणाल्या, "थांबा, आता नीट सांगते. आधी टोक गुलाबी झालं..."