फेस उतरल्यावरचं पाणी

माझी बायको गिरजा गेली तेव्हा मी आर्णीच्या बाजारात मासोळी विकत बसलो होतो. तिनं विकू नका म्हटलेली मासोळी. बहिणीकडे पांढरकवड्याला जातो, असं तिला खोटं सांगून निघालो होतो. शेजारचा नामदेव गाडीवरून उतरला अन् म्हणाला, "काका, उठा. काकू गेली." मी विचारलं, कुठं गेली? ... असा बैल माणूस मी. दीड महिना झाला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. गावात कोणी म्हणतात साबणाच्या पाण्यानं मेली. ते खोटं आहे, मी तसं म्हणणार नाही. पण माझा राग खोटा नाही.

मी जाळं टाकायचो अन् ती गळ्याइतक्या पाण्यात उतरून शिंगाड्याचे वेल लावायची. संसार त्या तळ्यावरच झाला. मग वर रस्त्याला लॉजच्या चादरी धुणारा कारखाना आला. त्याचं पाणी नाल्यानं तळ्यात यायचं, काठाच्या पाळीपर्यंत पांढरा फेस. आम्ही काय करायचो, तर फेस उतरायची वाट पाहायचो. दोन दिवस थांबायचं, पाणी काचेसारखं झालं की जाळं टाकायचं. हा नियम गिरजानंच घातला, सारा गाव पाळायचा. गिऱ्हाइकाला ती छातीवर हात ठेवून सांगायची, फेस उतरल्यावरची आहे बाई, बिनधास्त घे.

एकदा कॉलेजच्या मॅडम वेल पाहायला आल्या. त्यांनी ओसरीवर बसून समजावलं. काही साबण असे असतात की ते पाण्यात मोडतात, फेस जातो, पण मोडून जे उरतं ते लवकर मरत नाही. गाळात बसतं, शेवाळात, वेलात, गोगलगायीत शिरतं अन् मासोळीच्या चरबीत साठत जातं. पाण्यात थोडं, मासोळीत जास्त. नर मासोळीचं नरपणही बिघडू शकतं. तुमच्या तळ्यात किती आहे ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणाल्या. गिरजा म्हणाली, "म्हणजे फेस गेला, पण सामान आमच्या घरात ठेवून गेला... अन् मी लोकायले छातीवर हात ठेवून सांगत होती."

तिनं तहसीलीत अर्ज दिला, तळं तपासा म्हणून. चार खेपा घातल्यावर एक साहेब आले. बूट न काढता पाळीवरून वाकले, ओंजळीत पाणी घेतलं अन् म्हणाले, साफ तर आहे आजी. गिरजा म्हणाली, ओंजळीत दिसत असतं तर आम्ही तुम्हाला कायले बोलावलं असतं? कारखान्याच्या मालकाला ते कधी विचारायला गेले नाहीत. गिरजानं स्वतःच्या हातानं वेल उपटून काढले, मासोळी विकणं सोडलं अन् दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जाऊ लागली. बाया हसायच्या, मासोळीवालीला मासोळीची किळस आली म्हणून. मीही भांडलो. म्हटलं, तुझ्या एकटीच्या थांबण्यानं काय होते? तपासलं नाही, मग आहे कशावरून? ती म्हणाली, "नाही कशावरून?" मी मग तिच्या चोरून विकू लागलो.

तेरवीच्या दिवशी तिच्या भावानं मायेनं मासोळीचा गंज, मोठं पातेलं, चुलीवर चढवला, तिच्या नावाच्या पानावर वाढायला. मी विचारलं, कुठली? म्हणाला, "तळ्यातली भाऊजी. फेस नव्हता, पाहूनच धरली." मी गंज उतरवला, परसात खड्डा केला अन् सगळी गाडली. पाव्हणे पाहत राहिले. भाऊ चिडून म्हणाला, "बाईच्या तेरवीले कायले तमाशा करून राह्यले?" मी म्हटलं, "जिती होती तवा तिचं ऐकलं नाही. आता ऐकून राह्यलो." लोक वरणभात खाऊन तोंड पाडून गेले. जाऊ द्या. मी त्या दिवसापासून जाळं टाकलं नाही. अर्ज मात्र पुन्हा टाकला, अंगठा लावून नाही, सही करायला शिकून, सही करून.

परवा चुलीमागं तिची मासोळी कापायची पावशी सापडली. तिनं धंदा सोडून दोन वर्षं झाली, म्हणजे गंजून गेली असेल, असं वाटलं. पातं लख्ख होतं, तेलाचा हात फिरलेला, चिंधीत गुंडाळलेलं. शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, दर शनिवारी तेल लावायची काकू, तळं सुधरलं तर लागन म्हणून. मला कधी बोलली नाही. आता शनिवारी मी तेल लावतो. त्या कारखान्याला शिव्या देत देत लावतो, पण लावतो.