खोट्या बाईच्या नादी एक महिना

चाकूरहून निघाले त्या सकाळी मला पहिला शक आला तो मसाल्याच्या डब्यावरून. माझा लेक प्रवीण म्हणत होता, "आई, महिनाभर चल नुसती. नाही करमलं तर आणून सोडतो." आणि हे म्हणता म्हणता तो गाडीच्या डिक्कीत माझा मसाल्याचा डबा, जाड गोधडी, आधार कार्डाची पिशवी आणि दवाखान्याच्या सगळ्या फायली रचत होता. उन्हाळा चालू होता. महिनाभरासाठी गोधडी कशाला? मी मनातच विचारलं. बोलली ती कौसा.

कौसा म्हणजे आमच्या अंगणवाडीची मदतनीस. मी सेविका. सत्तावीस वर्षं तिनं खिचडी शिजवली आणि मी लेकरांची वजनं घेऊन रजिस्टरं भरली. दोघी रिटायर झालो तरी गल्ली एकच. गाडीच्या खिडकीत डोकं घालून ती म्हणाली, "यमुने, म्हैनाभरासाठी कुनी मसाल्याचा डबा नेतं का गं?" प्रवीण हसला आणि डिक्की लावली. मग तिनं माझा हात धरला. "माझ्या डोळ्याच्या आप्रेशनची तारीख आली की यायचं. म्या एकटी लातूरला जानार न्हाई, सांगून ठिवते." येईन म्हणाले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले.

लोक दुबईला, अमेरिकेला जातात आणि आठवणी लिहितात. मी अहमदपूर, लोहा मागं टाकून नांदेडला आले, एवढंच. पण लेकाच्या मागं गेलेल्या माझ्यासारख्या बायांना ठाऊक आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात पहिले काही दिवस कसे जातात ते. दार ओढलं की आपोआप लॉक होतं, म्हणून बाहेर जायची भीती. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. शेजारच्या दारावरचं नाव वाचता येतं, माणूस दिसत नाही. सगळे माझ्याशी अतिशय गोड बोलत होते, आणि गोड बोलणाऱ्या माणसाला नेमकं काय पाहिजे असतं ते कळेपर्यंत मला झोप लागत नाही.

माझी सून सुजाता बँकेत आहे. मी आल्यावर आठव्या दिवशी तिनं माझ्या खोलीत एक खोकं आणून ठेवलं. आत कादंबऱ्या. "आई, वाचत जा. वेळ जाईल." मी मनात म्हणाले, हा डाव मला शिकवू नकोस. अंगणवाडीत एखादं लेकरू सारखं पायात पायात करायला लागलं की मी त्याच्या हातात लाकडी ठोकळे द्यायची आणि निवांत रजिस्टर भरायची. सत्तावीस वर्षं मी तेच केलं. आता ठोकळे माझ्या हातात आले होते.

दोन दिवस खोक्याला हात लावला नाही. त्याला दुसरंही कारण होतं. माझे आबा सडकेच्या गँगवर मजूर होते. आम्हा पोरींना शाळेत घालण्यासाठी त्यांनी काय काय सोसलं ते आमच्या विहारातल्या जुन्या बायांना विचारा. घरात पुस्तक आलं की आबा पहिल्यांदा विचारायचे, "अभ्यासाचं हाय का?" नसलं तर परत. एकदा मी मैत्रिणीकडून गोष्टीचं पुस्तक आणलं होतं. त्यांनी मारलं नाही, ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "ज्यांची पोटं भरलीत त्यांनी वाचावं ते. आपल्याला अजून लई चालायचंय." त्यानंतर मी आयुष्यभर वाचलं ते पाठ्यपुस्तक, परिपत्रक, पोषण आहाराचा तक्ता. वाचलं की खाली सही करायची, असंच वाचन मला माहीत.

पहिली कादंबरी उघडली ती सुनेचा डाव ओळखायला. कुण्या मालदार घराण्याची गोष्ट होती. आवडली नाही, तरी संपवली, कारण अर्धं रजिस्टर सोडायची सवय नाही. शेवटच्या पानावर माझा हात सहीसाठी पेन शोधायला लागला आणि माझं मलाच हसू आलं. सही कुणाला दाखवायची होती? दुसरी बरी निघाली. तिसरी मी दोन दिवसांत संपवली, आणि तेव्हापासून मी चोरासारखी वागायला लागले. प्रवीणच्या किल्लीचा आवाज आला की कादंबरी उशीखाली आणि हातात बुद्धवंदनेची पुस्तिका. सासष्ट वर्षांची बाई, आणि लपवत होते गोष्टीचं पुस्तक.

पाचवं पुस्तक सगळ्यात जाड. त्यात कोकणातल्या कुठल्याशा बंदरावर एक बाई खानावळ चालवते. एकटीच. एक दिवस एक माणूस पेटी घेऊन राहायला येतो. त्याच्याजवळ दोन घड्याळं असतात, आणि दोन्हींत वेगवेगळी वेळ. बाईला त्याचा शक येतो. मला तर तिच्या आधी आला. पुढं तो तिला मासे आणून देतो, गळकं छप्पर नीट करून देतो, तेव्हा मी मोठ्यानं म्हणाले, "अगं बाई, नको विश्वास ठेवू."

ते प्रवीणनं ऐकलं. दारात उभं राहून त्यानं विचारलं, "आई, कुणाशी बोलतेस?" कुणाशीच नाही म्हणाले, आणि तिथंच फसले. दुसऱ्या दिवशी तो मला डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी मला आज वार कोणता, शंभरातून सात गेले किती, असं विचारलं. मला वाटलं, ह्या कागदावर काहीतरी लिहून घेतील आणि उद्या घराच्या कागदावर सही मागतील. म्हणून सगळी उत्तरं ठणठणीत दिली आणि वर विचारलं, "तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं का हाय?" डॉक्टर प्रवीणला म्हणाले, "काही झालेलं नाही ह्यांना."

झालं होतं, पण ते त्यांच्या वहीत मावणारं नव्हतं. दुपारी दोघं कामावर गेले की मी पंखा लावून आडवी व्हायची. दिवसाउजेडी आडवं पडणं मला बाळंतपणानंतर माहीत नव्हतं. मी कधी समुद्र बघितला नाही, पण त्या खानावळीच्या पायरीवर बसलेली असायची. कुणाचं वजन घ्यायचं नव्हतं, कुणाला जाब द्यायचा नव्हता. एवढं सुख फुकट मिळतं ह्याचाच मला सगळ्यात जास्त शक येत होता. फोनच्या आवाजानं दचकायला व्हायचं, म्हणून तो मी कपाटात साड्यांखाली ठेवून दिला.

एका दुपारी एकच्या सुमाराला बेल वाजली. दार उघडलं तर कौसा. डोळ्यावर काळा चष्मा, हातात पिशवी आणि पत्त्याची चिठ्ठी, अंगभर एसटीची धूळ. आत येऊन तिनं आधी माझी मनगटं बघितली, मग स्वयंपाकघर, मग माझी खोली.

"खरं सांग, यमुने. लेकानं डांबून ठिवलं का तुला?"

"न्हाई गं."

"मंग तब्येत बिघडली?"

"न्हाई."

"मंग फोन का उचलंना गेलीस? आठ दिस फोन लावून राहिले म्या."

मी म्हणाले, "वाचत होते."

"काय? कोर्टाचा कागद आला का?" आमच्या गल्लीत बाईनं भर दुपारी कागद वाचायचा म्हणजे तो एक तर कोर्टाचा, नाहीतर दवाखान्याचा.

"गोष्ट वाचत होते."

"कुनाची?"

"एका बाईची. खरी न्हाई ती. लिहिलेली."

कौसा पलंगावर बसली. काळ्या चष्म्याआड तिचे डोळे दिसत नव्हते, म्हणून ती चिडली की रडायला आली ते मला कळेना. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात त्या चष्म्याचा अर्थ शिरला.

"तारीख आली व्हती," ती म्हणाली. "गाडीत बसून एकलीच गेले लातूरला. त्या दवाखान्यातली पोरगी इचारत व्हती, संग कोन हाय, सही कोन करनार. म्या म्हनलं, येनार हाय माझी मैतरीन. लई येळ बसवून ठिवलं त्यांनी तुझ्यापाई. मंग अंगठा देऊन आत गेले." आणि वर म्हणाली, "खोट्या बाईपाई तू माझा फोन न्हाई उचलला."

मी चहा ठेवायला उठले. तिनं पिशवी उचलली. "धुरात, धुळीत जाऊ नको म्हनलेत. जाते." आणि ती गेली. मी मागं धावले तोवर लिफ्ट खाली गेली होती, आणि माझ्या पाठीमागं दार लॉक झालं. सुजाता येईपर्यंत मी पायरीवर बसून होते. आबांचं खरं निघालं, एवढंच डोक्यात फिरत होतं. आपल्याला अजून लई चालायचंय, आणि मी पंखा लावून पडले.

सुजाता आली, दार उघडलं. मी पाचही पुस्तकं तिच्यापुढं नेऊन ठेवली.

"झाली वाचून?"

"एक राहिलंय. चाळीस पानं. पण नको आता." मग मी विचारलंच. "खरं सांग, ही पुस्तकं मला कशाला दिलीस?"

गळ्यातलं बँकेचं कार्ड काढता काढता ती थांबली. "रागवणार नाही ना?"

"बघते."

"तुम्ही सारख्या माझ्या मागं असायच्या, आई. मी मीठ टाकलं की बघायच्या, डबा भरला की बघायच्या. मला माझ्याच घरात तपासणी चालल्यासारखं वाटायचं. आमच्या एक मॅडम बदली होऊन गेल्या, हे खोकं त्यांनी सोडलं होतं. ते उचलून आणलं. मी स्वतः त्यातलं एकही वाचलेलं नाही."

म्हणजे माझा शक अगदी खरा होता. ठोकळेच होते ते. मला राग यायला पाहिजे होता, पण तपासणीला येणाऱ्या बाईंची नजर मी सत्तावीस वर्षं पाठीवर झेलली होती. ती कशी लागते ते मला कुणी सांगायला नको. आणि त्या घरात आल्यापासून माझ्याशी गोड न बोललेलं हे पहिलं माणूस. मी म्हणाले, "मला चाकूरला जायचंय. कौसाच्या डोळ्यात थेंब घालायला कुणी न्हाई."

प्रवीणनं गाडीत विचारलं, "तुझं नि सुजाताचं भांडण झालं का?"

"न्हाई," मी म्हणाले, "पहिल्यांदाच बोललो."

कौसानं दार उघडलं आणि आत जाऊन बसली. "आली व्हय खोट्या बाईची मैतरीन?" दिवसातून सहा वेळा थेंब होते. पहिले दोन दिवस ती माझ्याशी थेंबापुरतं बोलली. मान वर, डोळा उघड, झालं. तिच्या चुलीजवळ तिला जाऊ दिलं नाही, डोकं धुऊ दिलं नाही. ती बोलत नव्हती तरी मला हात लावू देत होती, तेवढ्यावर मी तग धरला.

मधे एकदा मी माझ्या घरी जाऊन आले. कुलूप काढलं. भांडी जागच्या जागी होती, जाळी लागली होती. दिवा लावायला हात वर गेला आणि भिंतीवर नुसताच फिरला. बटण तिथं नव्हतंच. ते नांदेडच्या घरात तितकं उंच आहे. सदतीस वर्षं मी ज्या घरात राहिले तिथलं बटण माझा हात एका महिन्यात विसरला. मी बराच वेळ तशीच अंधारात उभी राहिले. त्या हाताचा मला अजून भरवसा वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी थेंब घातल्यावर डोळे मिटूनच कौसा म्हणाली, "ती बाई काय करायची?"

"कोणती?"

"तीच. जिच्यापाई मला सोडलं."

मी सांगितलं. खानावळ, पेटी, दोन घड्याळं. कौसा ताडकन म्हणाली, "चोर हाय त्यो." मासे सांगितले, छप्पर सांगितलं. "बघ, म्हनलं न्हाई? गोड बोलून राहिला." पुढचे चार दिवस थेंबाची वेळ व्हायच्या आधीच ती तयार बसायची. शेवटी मी तिथवर आले, जिथं तो माणूस होडीतून जातो आणि परत येत नाही, आणि बाई त्याच्या पेटीपुढं बसते.

"मंग? काय निघालं पेटीत?"

"मला न्हाई माहीत. तिथंच सोडलं मी."

"माझ्यापाई सोडलं?"

"हाव."

कौसानं काळा चष्मा चढवला. मग उशीला टेकून म्हणाली, "लई खुळी हायेस. अर्धं कुनी सोडतं का? तिला तिथं पेटीपुढं बसवून आलीस तू." थेंब सहावरून दोनवर आल्यावर तिनंच मला बसमध्ये बसवलं.

नांदेडला पोचल्यावर मी ती चाळीस पानं वाचली. हॉलमध्ये बसून, प्रवीणसमोर, हातात पुस्तिका न घेता. मग कौसाला फोन लावला. पहिल्याच घंटीला तिनं उचलला.

"पेटी रिकामी निघाली," मी सांगितलं.

"रिकामी?"

"साफ रिकामी. मग ती बाई पेटीत तांदूळ भरून ठेवते आणि खानावळ उघडते. संपलं."

"आसं कसं? यवढा येळ धरून ठिवायचं आन रिकामी पेटी?" तिचा आवाज चढला. "तूच दडवून राहिलीस, यमुने. कायतरी वंगाळ लिव्हलं आसंल, म्हनून मला सांगंना गेलीस."

"शप्पथ न्हाई गं. हेच लिहिलंय."

"मला काय ठावं? गुरुवारी येते. कुठं लिव्हलंय ते बोट ठिवून दाखव. माझा डोळा आता लख्ख झालाय."

कौसाला अक्षर येत नाही. बोट ठेवलं तरी तिला तिथं काय दिसणार आहे, ते तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. पण येते म्हणाली म्हणजे ती येणार. मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि बाहेरूनच सुजाताला सांगितलं, "गुरुवारी माझ्या घरी पाहुणी येणार आहे."

शब्द तोंडातून गेल्यावर मी दचकले. सुजाताही भाजी चिरता चिरता थांबली. बँकेतली बाई, पक्कं केल्याशिवाय सोडत नाही. माझ्याकडं शकानं बघत तिनं विचारलं, "कोणत्या घरी, आई?"

"ह्याच," मी म्हणाले. "आणि गुरुवारी तू स्वयंपाकघरात यायचं न्हाई."