हेल्याच्या पाठीवरचं माप

धानोऱ्याच्या बाजारात मोबाइलची रेंज एकाच जागी यायची: चिंचेखालच्या दगडावर. तीही मान कलती ठेवली तर. वाजिद किराणेवाला तिथं आरवायच्या बेतातल्या कोंबड्यासारखा उभा राही, पत्रू चार शब्दांमागं तीन 'हॅलो' लावी. पण आवाजात रफीक शिंप्याची सर कोणालाच नव्हती. रेंज जितकी कमी, तितकं ओरडणं जास्त, अशी त्याची साधी समज.

त्या दिवशी तो माजरीला दिलेल्या बहिणीशी, सुलतानाशी, बोलत होता. शुक्रवारी तिच्या मुलाचा, जाहिदचा, निकाह. शेरवानी मामाकडची, कापड आजच कापायला हवं आणि माप फोनवरच यायचं. कागदासाठी उतरावं तर रेंज जाणार. रफीकनं खिशातला खडू काढला. दगडाला खेटून रामाजीचा हेला, चांगला थोराड रेडा, बांधला होता. त्याच्या काळ्याभोर पाठीवर रफीकनं लिहायला घेतलं. सुलताना आकडा एकदा सांगे, हा खात्रीसाठी तीनदा ओरडे: छाती अडतीस, बाही चोवीस, गळा पंधरा, लांबी बेचाळीस. तेवढ्यात बॅटरी संपली.

वही घेऊन रफीक दुकानातून परतला, तर हेला गायब. दुपार झाली होती आणि रामाजीनं त्याला रोजच्यासारखा डुंबायला बोडीवर सोडला होता. रफीक चपला हातात घेऊन पळाला. बोडीत हेला डोळे मिटून डुंबत होता. पाण्यावर फक्त दोन शिंगं आणि एक नाक.

रफीक काठावर मटकन बसला. लग्नात मामूच्याच हातचं घालीन, असं जाहिद लहानपणापासून म्हणत आला होता.

रामाजीला ओशाळल्यागत झालं. "हेला लिहिलेला हाय, हे मले सांगाचं न भाऊ."

मागून भाजीवाली रुखमाबाई आली. "काऊन तोंड पाडून बसला, रफीकभाऊ? छाती अडतीस, बाही चोवीस."

"गळा पंधरा," पत्रू म्हणाला.

लांबी तर बोडीवर जमलेल्या सगळ्यांनीच एका सुरात सांगितली. रफीकनं वही उघडली.

गुरुवारच्या बसनं शेरवानी माजरीला गेली आणि अंगावर चपखल बसली. पुढं महिन्याभरानं जाहिद नव्या नवरीला घेऊन धानोऱ्याच्या बाजारात आला. रुखमाबाईनं त्याला कधी पाहिलंही नव्हतं. वांगी तोलता तोलता तिनं त्याला खांद्यापासून कमरेपर्यंत एकदा न्याहाळलं.

"रफीकभाऊचा भाचा न तू?" ती म्हणाली. "अडतीसचा चाळीस होऊन राह्यला, बाबू. सासरी जेवण चांगलं दिसते."