आईच्या खोलीत दही लागेना

ऐंशीच्या दशकातला अमेरिकेतल्या बफेलो शहराचा जानेवारी. बाहेर गुडघाभर बर्फ, घरात आमची तीन आठवड्यांची लेक, आणि माझ्या बाळंतपणासाठी नाशिकहून आलेली आई.

आई एप्रिलपर्यंत राहणार होती. पण एका सकाळी चहा पिता पिता तिने शांतपणे सांगितलं, माझं तिकीट अलीकडचं करून घ्या, मला इथे करमत नाही. मी हबकलेच... नवरा, सुधीर, दिवसभर ऑफिसात, जवळपास ओळखीचं कुणी नाही, आणि मला अजून बाळाला नीट अंघोळही घालता येत नव्हती.

काय बिनसलं ते विचारून पाहिलं. "काही नाही गं" याच्यापुढे गाडी सरकेना. दोन स्वेटर आणि कानटोपी घालून ती घरभर वावरायची, पण या वयात थंडी जास्त वाजते अशी आमची समजूत. सुधीरने एअरलाइनला फोनही केला. मला वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर रागही येत होता.

आता दह्याचं सांगते. हिवाळ्यात अमेरिकेतल्या आम्ही सगळ्याच मराठी बायका रेडिएटरवर विरजण ठेवायचो. जुन्या घरांत खिडकीखाली ही लोखंडी धुडं असतात, तळघरातल्या बॉयलरचं गरम पाणी त्यांतून फिरतं. खालच्या रेडिएटरवर बाळाची दुपटी वाळत असायची, म्हणून आईने पातेलं वर स्वतःच्या खोलीत नेलं.

सकाळी पाहिलं तर दूधच. दुसऱ्या दिवशीही दूधच. "तुमच्याकडे मेलं दही पण लागत नाही," आई कुरकुरली. आल्यापासूनची तिची ही पहिली तक्रार...

मी वर जाऊन पातेलं उचललं. रेडिएटर वरून गारढोण, आणि तळाशी मात्र चटका बसेल इतका गरम.

"आई, हा कधीपासून असा आहे?"

"मी आल्यापासून. जावयाच्या घरी येऊन का कुणी तक्रारी सांगतं?"

मी कपाळाला हात लावला. दह्याबद्दल बोललेलं चालतं, स्वतःबद्दल नाही.

रेडिएटरच्या वरच्या भागात हवा अडकली होती, त्यामुळे गरम पाणी तिथवर चढतच नव्हतं. सुधीरने हार्डवेअरच्या दुकानातून एक छोटी किल्ली आणली आणि रेडिएटरच्या बाजूचा स्क्रू जरासा सैल केला. बराच वेळ सूंऽऽ करत हवा सुटत राहिली, मग काळपट पाण्याची चिळकांडी उडाली, तेव्हा स्क्रू घट्ट केला. थोड्या वेळाने वर हात ठेववेना.

तिकिटाचा विषय आईने पुन्हा काढला नाही. आम्हीही नाही. मे उजाडला तेव्हा कुठे ती गेली.

ती तेव्हाची तान्ही लेक आता बॉस्टनला अशाच जुन्या घरात राहते. गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे होते. जावई रोज अगत्याने विचारायचा, खोलीत थंडी नाही ना वाजत? मी म्हणायचे, फाइन, फाइन...

एकदा लेक सरळ माझ्या खोलीत शिरली आणि रेडिएटरवर हात ठेवून उभी राहिली. मला काही विचारत बसली नाही, हे फार बरं झालं. मी पुन्हा फाइनच म्हणाले असते.