भावाच्या हनिमूनला आम्ही बावीस जण

माझ्या सख्ख्या भावाच्या हनिमूनला मी गेले होते. एकटी गेले असते तर एक वेळ खपलं असतं, पण माझ्याबरोबर माझे यजमान होते, त्यांच्या ऑफिसातले निवृत्त सहकारी होते, त्यांच्या बायका होत्या आणि एक मावशी होत्या. नवरा-नवरी सोडून एकूण बावीस. हे ऐकलं की लोक तोंडावर हात ठेवून हसतात, म्हणून आधीच सांगते, माझा हेतू वाईट नव्हता. माझा हेतू कधीच वाईट नसतो. घरचे म्हणतात, तीच तर पंचाईत आहे.

भाऊ माझा बसकंडक्टर. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी पंचविशीची. तेव्हापासून त्याचं सगळं मीच पाहिलं, त्यामुळे तो कसा आहे हे मला विचारावं. बसमध्ये त्याचा आवाज असा खणखणीत, की मागच्या बाकावरचा झोपलेला माणूससुद्धा पाय आवरून घेतो. घरात मात्र मूग गिळून बसतो. कुणाच्या लग्नाला गेला तर हॉलच्या दारात उभा राहतो आणि "मागे जागा आहे, मागे चला" म्हणत पाहुण्यांना खुर्च्यांवर बसवतो. स्वतः बसत नाही. नोकरीच्या एकवीस वर्षांत मी त्याला चालत्या बसमध्ये बसलेला पाहिलेला नाही. उभ्या उभ्या झोपू शकतो, हे मात्र पाहिलंय.

एक्केचाळिसाव्या वर्षी त्याचं लग्न जमलं तेही माझ्यामुळेच. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन एका लांबच्या गावातल्या इस्पितळात झालं. तिथली एक सिस्टर, वय अडतीस, इंजेक्शन देऊन गेली तरी मी आपली "कधी देताय" म्हणून विचारत होते. त्याच क्षणी ठरवलं, हिलाच भावजय करायची. तिनं भावाला दोनदा पाहिलं आणि मग मला सरळ सांगितलं, "लग्न करते. पण नोकरी सोडणार नाही. तुमच्या गावी बदली मागता येईल, पण तो अर्ज मी माणूस नीट ओळखीचा झाल्यावरच भरणार. शेवटची तारीख लग्नानंतरच्या महिन्यातली. तोपर्यंत कळलं तर ठीक, नाहीतर तुम्ही तिथे, मी इथे. सुट्टीला येत जाईन."

तिचं गाव आमच्यापासून बसनं सहा तासांवर. सुट्टीला येणारी बायको म्हणजे पाहुणीच की. मला घोर लागला.

तेवढ्यात आमच्या परदेश सहलीतलं एक जोडपं गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे गळलं. मी त्या दोन जागा नव्या जोडप्याला लग्नाची भेट म्हणून देऊन टाकल्या. सात दिवस, डोंगर, तळी, जुने चौक. माणसं ओळखीची व्हायला आणखी काय लागतं. फक्त एक गोष्ट राहिली. गळलेल्या जोडप्यानं तिघांची खोली घेतली होती, कारण बायकोची मावशी बरोबर येणार होती. मावशींचे गुडघे ठणठणीत होते, त्या आल्या. खोली बदलून मिळेना. मी भावाला म्हटलं, "त्या कोपऱ्यातल्या पलंगावर झोपतील. बिचाऱ्यांना ऐकूही कमी येतं." भाऊ काही बोलला नाही. तो बोलला नाही म्हणजे त्याला चालतंय, असं मी गेली बत्तीस वर्षं धरून चालले आहे.

पहिल्याच दिवशी सहलीच्या मॅनेजरचा घसा बसला. पन्नाशीचा माणूस, विमानतळावर आमची नावं ओरडून ओरडून बेजार झाला. भावानं बसच्या दाराशी उभं राहून नुसतं "चला, आत चला" म्हटलं आणि सगळे दोन मिनिटांत जागेवर. मॅनेजरनं त्याचे हात धरले. त्या दिवसापासून माणसं मोजून बस सोडायचं काम भावाकडे. बसचा ड्रायव्हर तिथलाच, दाढीवाला. दोघांना एकमेकांच्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण भावानं दांडीवर एकदा टक केलं की थांब आणि दोनदा केलं की चल, हे त्याला तासाभरात समजलं. संध्याकाळपर्यंत दोघं एकमेकांच्या खांद्यावर थापा मारत होते. बायकोशी तोवर त्याचं अडीच वाक्यांपलीकडे बोलणं झालेलं नव्हतं.

त्या पहिल्या मोजणीतच घोळ झाला. आम्ही चोवीस. भावानं मोजले तर तेवीस. पुन्हा मोजले, तेवीस. पंधरा मिनिटं शोधाशोध. एका काकांना स्वच्छतागृहातून दोनदा बाहेर काढलं. शेवटी मीच म्हटलं, "अरे गाढवा, आणि तू?" तो गोंधळून म्हणाला, "कंडक्टर धरत नाहीत, ताई." मग त्यानं आपल्यापुरता हिशोब बसवून घेतला, तेवीस झाले की बस भरली.

तिकडे नाश्त्याच्या टेबलावर मी सहज, कौतुकानं, नवरी नर्स असल्याचं सांगितलं. दुपारपर्यंत रांग लागली. ब्लडप्रेशरचं मशीन तर आमच्या ग्रुपमध्ये चौघांकडे होतं. एवढा मोठा धबधबा कोसळतोय आणि ही माणसं त्याच्याकडे पाठ करून तिला गुडघे दाखवतायत. तीही शांतपणे दाबून बघायची, म्हणायची, "जिने टाळा." म्हणजे हनिमूनला आलेल्या दोघांचीही ड्युटी लागली, एकाची दारात आणि एकीची गुडघ्यात.

आता मला बस लागते, हा काही माझा गुन्हा नाही. भाऊ ड्रायव्हरजवळ उभा, त्याची जागा रिकामी, ती बिचारी एकटी. म्हणून मी तिला माझ्या शेजारी बसवून घेतलं आणि यजमानांना मागे पाठवलं. तिला भावाचं लहानपण सांगितलं, त्याचे गोवर-कांजिण्या सांगितल्या. तिसऱ्या दिवशी विचारलं, "मग, कसा वाटला आमचा भाऊ?"

"आवाज चांगला आहे," ती म्हणाली.

"आणखी?"

"आणखी अजून ऐकायला मिळाला नाही, वन्सं."

मी तडक उठले. भावाला गाठून झापलं, "बोल ना तिच्याशी." तो म्हणाला, "काय बोलू?" मी म्हटलं, "काहीही बोल, पण बोल." पुढच्या थांब्याआधी तो आमच्या सीटजवळ आला, घसा खाकरला आणि तिला म्हणाला, "आपण इथे उतरणार का?" ती म्हणाली, "सगळेच उतरणार आहेत ना?" तो "हो" म्हणाला आणि परत दारात जाऊन उभा राहिला. कपाळावर हात मारून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं मी.

पाचव्या दिवशी मात्र तिनंच विषय काढला. बस सुटायची वेळ होती, तो बोट नाचवत मोजत होता. मी दोघांच्या मधेच उभी असल्यामुळे कानावर पडलं. ती म्हणाली, "तुम्ही स्वतःला मोजत नाही?"

"सवय नाही."

"सहलीला तुम्हीही आलायत. माझ्याबरोबर आलायत. उद्यापासून स्वतःला मोजा."

भाऊ कानापर्यंत लाल झाला. मला इतका आनंद झाला, की मी त्या दिवशी आपलं ब्लडप्रेशर तपासून घेतलं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी एका जुन्या गावात थांबलो. मध्ये चौक, चौकात घड्याळाचा मनोरा, बाजूनं बाकं. परत बसपाशी आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, शाल बाकावर राहिली. मी भावजयीला म्हटलं, "जरा आणतेस का? माझे पाय भरून आलेत." ती पर्स सीटवर टाकून गेली. मी बस लागू नये म्हणून गोळी घेतली, काचेला डोकं टेकलं आणि मला डुलकी लागली.

इकडे भाऊ मोजायला उभा राहिला. बायकोनं सांगितलं होतं, तेव्हा त्यानं छातीवर हात ठेवून आधी स्वतःलाच धरलं, एक. मग दोन, तीन, चार करत शेवटी आला तेवीसवर. आता तेवीस म्हणजे बस भरली, हे त्याच्या हाताला पाच दिवस पाठ झालेलं. हातानं दांडीवर दोनदा टक केलं. बस निघाली.

पाऊण तासानं मावशींना डोकेदुखीची गोळी हवी झाली. "सिस्टर कुठायत?" म्हणून त्यांनी मला हलवून उठवलं. शेजारी नुसती पर्स होती, आणि पर्समध्ये तिचा फोन.

मी भावाला हाक मारली. तो आला, सीटकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उडताना मी पाहिलं. आई गेली तेव्हा तो असाच दिसला होता. मॅनेजर बसक्या घशानं सांगू लागला, रस्त्यात दुभाजक आहे, बस वळणार नाही, बारा वाजता बोट आहे, नंतर बोट नाही. मागून कुणी म्हणालं, "बोट गेली तर गेली." बाकीचे घड्याळाकडे बघू लागले, म्हणजे बोट त्यांना सोडायची नव्हती.

भावानं एकदा टक केलं. ड्रायव्हरनं पेट्रोल पंपाच्या थांब्यावर बस घेतली. भाऊ तिची पर्स काखेत मारून उतरला आणि खालून मला म्हणाला, "ताई, माणसं तू मोज. मी जातो." एकवीस वर्षांत ड्युटी मधेच टाकून तो कधी गेला नव्हता. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसालासुद्धा हा माणूस शेवटची फेरी करून आला होता. तो पादचारी पूल ओलांडून पलीकडे गेला आणि थांब्यावर, बसची वाट बघत, हात वर करून उभा राहिला.

बोटीतून मी काय पाहिलं ते मला विचारू नका. पाणी होतं. मनात एकच चाललं होतं. बायको विसरून निघून गेलेला नवरा, आणि तो मी तिच्या गळ्यात बांधलेला. आता कसला अर्ज आणि कसली बदली. दिवसभर सगळे माझ्याशी जपून बोलत होते. माझ्या यजमानांनी तेवढं एकच वाक्य म्हटलं, "शाल कुणाची होती?"

साडेपाचला दोघं हॉटेलवर आली. ती पुढे, तो मागे. तिनं शाल माझ्या मांडीवर ठेवली आणि समोरच्या खुर्चीत बसली. तो चहा आणायला गेला.

"चिडलीस?" मी विचारलं.

"चिडणार नाही तर काय? दोन तास त्या बाकावर बसून होते. हरवलं तर जागचं हलायचं नाही, एवढं आम्ही पेशंटना सांगतो म्हणून हलले नाही. ते आल्यावर तासभर भांडले मी. भर चौकात."

"आणि तो? गप्प?"

"गप्प कुठले. तेही भांडले. म्हणाले, चूक तुमची, तुम्हीच सांगितलंत स्वतःला मोजा म्हणून. मग एक अधिक तेवीस वजा मी, असा सगळा हिशोब ओरडून सांगितला. लोक थांबून बघत होते." तिच्या ओठांच्या कडा हलल्या. "मला मधेच हसायला आलं. पण भांडण अर्धं कसं सोडायचं, म्हणून आधी ते पुरं केलं."

मला खरंच वाटेना. माझ्याशी हा माणूस जन्मात भांडला नाही. मी विचारलं, "मग इतका वेळ?"

"जेवलो. गाव बघितलं. परत भांडलो थोडं. येताना बसमध्ये शेजारी बसले माझ्या. दर थांब्याला उठायला बघायचे, मी बाही धरून ठेवली." मग ती जरा पुढे सरकली. "वन्सं, दोन गोष्टी सांगते, राग मानू नका. उद्या बसमध्ये तुमच्या शेजारी तुमचे यजमान बसतील. आणि आजपासून मावशी तुमच्या खोलीत झोपतील."

राग आला मला. खोटं कशाला सांगू. पण अर्जापुढे मावशी काय चीज आहे, असा विचार करून मी म्हटलं, "बरं. आणि बदलीचा अर्ज?"

"तो मी नाही भरणार."

तेवढ्यात भाऊ तीन कप चहा घेऊन आला. कप ठेवले, आणि खुर्ची ओढून बसला. न सांगता बसला.

"मी भरतोय, ताई," तो म्हणाला. "तिच्या गावातही डेपो आहे. तिचं इस्पितळ मोठं आहे, तिथून निघाली तर अडेल लोकांचं. माझं काय, फेऱ्या तिकडेही असतात. मला जायचंय."

मला जायचंय. बत्तीस वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी त्याला काय हवं ते कधी विचारलंच नव्हतं, सगळं मला आधीच ठाऊक असायचं. मला वाईट वाटलं. कप मी खाली ठेवला. तरी जित्याची खोड, मी म्हटलंच, "पण तिकडे तुझं आहे कोण?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं चुकीच्या गाडीत चढलेल्या म्हाताऱ्या बाईकडे तो बघतो. न रागावता, समजुतीनं.

"बायको आहे, ताई," तो म्हणाला.

मी चहा संपवला, वर गेले आणि मावशींची बॅग उचलून आमच्या खोलीत आणून ठेवली.